नऊशे सत्तावीस नंबरची दुसरी मोटार

नानासोंनी पुढ्यातल्या पाण्याला हात लावला नाही, तेव्हाच कस्तुरीबाईंनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. नानासो म्हणजे त्रिशलाच्या सोयरिकीत मध्ये पडलेला माणूस. एरवी ते आले की आधी पाणी, मग गूळ, मग पुन्हा पाणी असं चालायचं. आज ते बैठकीच्या काठावर टेकले आणि टोपी काढून तिच्यात बघत बसले.

"अण्णाप्पा, गेल्या ऐतवारी तुमची मोटार कुठं हुती?"

"कुठं असणार? चादरीखाली."

"चादरीखाली न्हवती. साताऱ्यात मटणाच्या खानावळीसमोर उभी हुती. भाऊसोंच्या साडूनं सोताच्या डोळ्यांनी बघितली. नऊशे सत्तावीस."

अण्णाप्पा मगदूमांच्या घरात जमिनीखाली उगवतं म्हणून कांदासुद्धा चालत नसे. दिवस मावळायच्या आत ताटं उचलली जायची. सांगलीच्या हळदपेठेत या माणसाचा शब्द म्हणजे शब्द होता. हळदीत कीड असली तर आपण होऊन सांगायचे आणि मग गिऱ्हाईक का गेलं म्हणून दिवसभर चुकचुकायचे. त्यांची मोटार मटणाच्या दारात उभी राहणं म्हणजे देवळातली घंटा कुस्तीच्या फडात वाजण्यासारखं होतं. आणि हे कळलं होतं कुणाला, तर भिलवडीच्या भाऊसोंना, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांना. सुकुमारसारखा मुलगा, वकिलीची परीक्षा दिलेला, शिवाय पोरीलाही मनातून आवडलेला. पोरीला आवडल्याचं अर्थात कुणी विचारलं नव्हतं. पण भिलवडीचं नाव निघालं की ती दूध उतू घालवायची, त्यावरून कस्तुरीबाईंनी हिशेब केला होता.

लढाई संपून तेव्हा वर्ष झालं होतं. पेट्रोल अजून कुपनावर मिळायचं आणि सांगलीतल्या मोटारी दोन हातांच्या बोटांवर मोजता येत. सगळ्या काळ्या. गावातली माणसं मोटार हॉर्नवरून ओळखायची, त्यातही अण्णाप्पांचा हॉर्न म्हशीनं रेडकाला हाक मारावी तसा असल्यामुळे बायका आतूनच म्हणायच्या, मगदूम निघाले वाटतं. परगावी मात्र हॉर्न कोण ओळखणार? तिथं लोक नंबर वाचायचे. नवीनच शाळा झालेली माणसं ती, मोटार दिसली की नंबर मोठ्यानं वाचायची आणि घरी जाऊन सांगायची.

त्या मोटारीची निगा काय वर्णावी. रोज सकाळी अण्णाप्पांच्या आधी तिची आंघोळ व्हायची. बसायचं तर पाय धुऊन. पावसाळ्यात तर बसायचंच नाही. सोलापुरी चादर घालून ती उभी असायची आणि कस्तुरीबाईंना तुळशीला पाणी घालायला तिला वळसा घालून जावं लागे.

"साडूला चष्मा हाय," अण्णाप्पा म्हणाले, "नंबर चुकला असंल."

नानासो त्या वेळी गेले खरे, पण आठ दिवसांत परत आले. या खेपेला त्यांनी टोपीही काढली नाही. कुंडलच्या रस्त्याला नऊशे सत्तावीसमध्ये कुणीतरी दोन बोकड बघितले होते. जत्रेचे. मागच्या बाकावर बसून खिडकीतून बाहेर बघत चालले होते म्हणे.

आता खरी पंचाईत झाली. कारण त्या दिवशी अण्णाप्पा स्वतःच कुंडलला गेले होते. डोंगरावरच्या पार्श्वनाथाच्या दर्शनाला, वर्षातून एकदा जातात तसे. चादरीखाली होती म्हणायची सोय नव्हती. कुंडलच्या रस्त्याला होतो, पण बोकड नव्हते, एवढंच म्हणता येत होतं, आणि त्यातला पहिला अर्धा भाग ऐकल्यावर दुसऱ्या अर्ध्यासाठी कुणी थांबत नव्हतं.

मग एकामागून एक सुरूच झालं. कराडहून समन्स आलं, दिवा न लावता मोटार हाकली म्हणून. वाईहून एका भटजींचं पत्र आलं, घाटावर वाळत घातलेल्या त्यांच्या धोतरावरून तुमचं चाक गेलं. पेट्रोलच्या कुपनांचा साहेब येऊन अंगणात उभा राहिला आणि विचारू लागला की एका गाडीच्या कुपनात तुम्ही साताऱ्याला काय, वाईला काय, कुंडलला काय, जाता तरी कसे? आम्हालाही ती युक्ती सांगा. साहेब गमतीनं म्हणाला, पण वहीत लिहून घेऊन गेला.

आपल्या नंबरची दुसरी मोटार कुणीतरी पळवतोय, हे अण्णाप्पांच्या ध्यानात आलं. पोलिसांत जावं तर गावभर होणार आणि लग्न मोडणारच. तेव्हा त्यांनी ठरवलं, आपला नंबर आपणच सांभाळायचा. दुकानातला गल्ला कसा रोज आत घेतो, तशी ते रोज नंबरची पाटी पान्यानं काढून आत घेऊ लागले. ती देवाच्या कपाटात, चांदीच्या ताम्हनाशेजारी, कुलपात.

"पंचवीस वर्सं झाली लग्नाला," कस्तुरीबाई म्हणाल्या, "माझ्या पाटल्या अजून डाळीच्या डब्यात हायत्या."

पाटी कपाटात ठेवल्यानं दुसऱ्या मोटारीचं काही अडलं नाही. पण एका सकाळी घाईत किल्ली सापडली नाही आणि अण्णाप्पा बिनपाटीचे पेठेत निघाले. चौकातल्या पोलिसानं अडवलं. अण्णाप्पांनी खरं ते सांगितलं की पाटी चोरीला जाऊ नये म्हणून देवाजवळ ठेवलीय. पोलिसानं त्यांच्या तोंडाचा वास घेतला.

शेवटी ते अर्जुना पेंटरकडे गेले. अर्जुना सांगलीत नाटकांचे पडदे, दुकानांच्या पाट्या, लग्नातल्या ट्रंकेवरची नावं आणि बैलगाडीच्या साटीवरचे मोर, सगळं एकाच तन्मयतेनं काढायचा. अण्णाप्पांची मूळ पाटीही त्याचीच. त्याला त्यांनी नंबराखाली बारीक अक्षरात लिहायला सांगितलं, पेठेतल्या दुकानांवर असतं तसं: हीच अस्सल. आमची दुसरी गाडी नाही.

अर्जुनानं ते लाल सावली देऊन इतकं सुरेख काढलं, की अण्णाप्पांनी दोन दिवस पाटी कपाटातच ठेवली नाही. लोक थांबून वाचायचे. तिसऱ्या आठवड्यात नानासो आले आणि उभ्यानंच म्हणाले की भिलवडीच्या बाजारात परवा तुमची मोटार होती, टपावर चार कोंबड्यांच्या डाली होत्या आणि खाली लिहिलं होतं, हीच अस्सल, आमची दुसरी गाडी नाही.

अण्णाप्पा तसेच अनवाणी अर्जुनाच्या दुकानी गेले.

दुकानासमोर एक मोटार उभी होती. काळी. तिचा एक दिवा फुटलेला, चिखल मडगार्डाच्या वर गेलेला, आणि पाटी अगदी ताजी, सुरेख, नऊशे सत्तावीस. बाजूला खाकी सदऱ्यातला एक उंच माणूस विडी ओढत होता. आत भिंतीवर अर्जुनाच्या हातच्या कामांचे नमुने टांगलेले: एक मोर, एक 'सुस्वागतम्', एका सोनाराची पाटी, आणि मधोमध अण्णाप्पांची पाटी, हुबेहूब.

"माझा नंबर भिंतीवर कशाला टांगलास रं?"

"आवं शेठ, चांगलं काम झालं की मी एक नमुना ठेवतो," अर्जुना म्हणाला. "तुमचा सात बघा की. तसला सात जिल्ह्यात न्हाई."

"आणि यांना का काढून दिलास?"

"यांनी नमुना दाखवला, ह्योच पायजे म्हनले. मी काढला. लुगड्याचा काठ दोघीजणी एकच घेत न्हाईत व्हय?"

उंच माणसानं विडी विझवली आणि अण्णाप्पांना रामराम केला. तो कुंडलचा हंबीरराव. पलटणीतून इटलीपर्यंत जाऊन आलेला हवालदार, घरचा ऊस, आणि आता मिल्ट्रीच्या लिलावातली ही मोटार. नंबराचा कागद कचेरीतून यायचा होता, चार महिने झाले आला नव्हता. कागद येईस्तोवर मोकळ्या पाटीनं कसं फिरायचं, म्हणून त्यानं एक पसंत केला होता. मिल्ट्रीत माणसाला नंबर मिळतो तो वरून मिळतो, त्यात आवडनिवड नसते. इथं निवडायला मिळतंय म्हटल्यावर त्याला बरं वाटलं होतं. मध्यंतरी आला तर भिंतीवर खाली आणखी दोन ओळी वाढलेल्या दिसल्या, त्याही त्यानं घालून घेतल्या.

"तुमचा हाय व्हय ह्यो?" तो म्हणाला. "मग तर लयच चुकलं. मला वाटलं, अर्जुनाचाच हाय."

अशा माणसावर रागावायचं तरी कसं? अण्णाप्पांनी प्रयत्न केला, जमला नाही. बोकड, कोंबड्या, खानावळ, सगळं हंबीररावानं एका दमात कबूल केलं. भटजींच्या धोतराबद्दल त्याला वाईट वाटलं आणि त्यानं नवं पाठवायचं ठरवलं. नंबर पुसून टाकायचाही त्यानं शब्द दिला. अण्णाप्पा घरी आले ते दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. आता भाऊसोंना सगळं समजावून सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

पण दुसऱ्याच दिवशी नानासो हसत आले. हसत आले, पाणी प्याले, गूळ मागितला.

"जमलं, अण्णाप्पा. भाऊसोंच्या आई येत्यात पोरगी बघायला, बेस्तरवारी. म्हातारी म्हनती, लोक काय बी बोलू देत, माणूस लाख मोलाचा हाय."

कुंडलच्या त्या दिवशी भाऊसोंच्या आई, पद्मव्वा, बैलगाडीतून दर्शन करून येत होत्या. वाटेत गाडीचा आस मोडला. उन्हाच्या रणरणाटात म्हातारी बांधावर बसली होती. तेवढ्यात नऊशे सत्तावीस आली, थांबली, आणि थेट भिलवडीच्या दारात आणून सोडून गेली. चहालाही थांबली नाही.

कस्तुरीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. अण्णाप्पांनी कपाटाकडे.

"गाडीत बोकड हुते न्हवं?" अण्णाप्पांनी हळूच विचारलं.

"म्हातारीला मोतीबिंदू हाय. ती म्हनती, घोंगडं पांघरलेली दोन लेकरं हुती शेजारी. लय गुणी, एक शब्द बोलली न्हाईत."

नानासो गेल्यावर अण्णाप्पा हिशेब मांडू लागले. बोकड आपले नव्हेत म्हणावं, तर म्हातारीही आपली नव्हे म्हणावं लागत होतं. म्हातारी ठेवून घ्यायची, तर बोकडांसकट. एकाच गाडीतली दोन्ही. कस्तुरीबाईंनी सुचवलं की काहीच बोलू नका, गप्प बसणं म्हणजे काय खोटं बोलणं नव्हे. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला.

गुरुवारी पद्मव्वा आल्या. बरोबर भाऊसो आणि नानासो. त्रिशला पोहे देऊन, नमस्कार करून, खाली बघत बसली. पद्मव्वांनी तिचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि हळद निवडायला येते का एवढंच विचारलं. तिला येत होती. भाऊसो घसा साफ करून तारखेचं काढणार, तोच अण्णाप्पा उभे राहिले. नानासोंनी त्यांचं धोतर खाली ओढलं. तरी उभेच.

"अव्वा," ते म्हणाले, "तुमाला घरी सोडलेली मोटार माझी न्हवं. नंबर माझा, मोटार दुसऱ्याची. कुंडलच्या हंबीररावाची. बोकड बी त्याचेच हुते, पण तुमी बी त्याच्याच गाडीत हुता. मी काय तुमाला सोडलं न्हाई."

भाऊसोंचा घसा साफ करायचा राहिला. त्रिशलानं पदराचं टोक दातात धरलं.

"ठावं हाय मला," पद्मव्वा म्हणाल्या.

"ठावं हाय?"

"बांधावर बसलो तवा आधी एक मोटार आली. आमच्या गाडीवानानं हात केला. थांबली न्हाई. सगळा धुरळा माझ्या डोळ्यांत. गाडीवान नंबर वाचून म्हनला, नऊशे सत्तावीस. मग तासाभरानं दुसरी आली, ती थांबली. तर ह्यो म्हनतो कसा, आवं अव्वा, पुन्यांदा नऊशे सत्तावीसच, परत फिरून आली वाटतं. मी म्हनलं, येड्या, ती न्हवं ही. त्या गाडीत पाय धुऊन बसत्यात, सारी सांगली सांगती. ती बांधावरच्या बाईला कशाला घेईल? ही दुसरीच कुणाची तरी हाय."

अण्णाप्पांनी अंगणातल्या मोटारीकडे बघितलं. आठवत होतं त्यांना. दर्शन करून येताना कुणीतरी हात केला होता. बैलगाडीतली धुळीनं माखलेली माणसं, गादी नुकतीच झटकलेली. त्यांनी हॉर्न वाजवला होता, एवढंच.

"आणि ती लेकरं?" नानासोंना राहवेना.

"बोकडाला लेकरू म्हनलं तर काय बिघडलं?" पद्मव्वांनी पोह्यांची बशी पुढे ओढली. "मोतीबिंदू हाय मला, पर वास येतो की." मग अण्णाप्पांकडे वळून म्हणाल्या, "मी बघाया आले हुते, तुमी आज काय बोलताय ते. गप बसला असता तर पोहे न खाता उठणार हुते. पोरगी आमाला पसंत हाय. एकच म्हननं हाय. नवरी भिलवडीला येईल ती त्या दुसऱ्या गाडीतनं येऊ दे. तुमच्या गाडीत मला भ्या वाटतं."

लग्न वैशाखात ठरलं, भिलवडीला, नवऱ्याच्या दारी. हंबीररावाला निरोप गेला तेव्हा त्याला काय करू नि काय नको झालं. मोटार विहिरीवर नेऊन धुतली, बाक शिकेकाईनं घासले. कचेरीचा कागद अजून आला नव्हता, तरी दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यानं नंबर पुसून घ्यायला गाडी अर्जुनाकडे पाठवली होती. पण नवरीची गाडी मोकळ्या पाटीनं जाते हे अर्जुनाला बघवलं नाही. त्यानं आपल्या मनानं, फुकट, लग्नाचा आहेर म्हणून, सगळं नव्यानं काढलं. कडेनं आंब्याची पानं, वर दोन मोर, आणि मधे नऊशे सत्तावीस.

लग्नाच्या सकाळी हे सगळ्यांनी बघितलं, पण बाराच्या अक्षता होत्या आणि पुसायला वेळ नव्हता. पुढं हंबीररावाची मोटार, तीत त्रिशला, कस्तुरीबाई आणि दोन मावश्या. मागं अण्णाप्पांची, तीत ते स्वतः, नानासो आणि रुखवताच्या पाट्या. सांगलीची हद्द संपते तिथल्या नाक्यावर आडवा बांबू होता. नाक्यावरचा पोलीस तात्याबा येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींचे नंबर वहीत लिहायचा. त्यानं पुढचा लिहिला, मागचा लिहिला, आणि वही डोळ्यांजवळ नेली.

"ह्यातली एक खोटी हाय," तो म्हणाला. "फौजदारसाहेब येईस्तोवर खोटी हितंच ऱ्हाईल. खरी कंची?"

सव्वादहा वाजले होते. फौजदारसाहेब दुपारचं जेवून, झोपून, मग यायचे. अण्णाप्पांच्या कोटाच्या आतल्या खिशात मोटारीचे सगळे कागद होते. दोन महिने ते कागद खिशात घेऊन झोपत होते, कुणी तरी कधी तरी नेमकं हेच विचारेल म्हणून. पुढच्या मोटारीचं दार उघडून हंबीरराव खाली उतरला. इमानी माणूस तो. आता खरं सांगणार, हे त्याच्या चालण्यावरून दिसत होतं. मागच्या काचेतून त्रिशला बघत होती, मुंडावळ्या बाजूला करून.

"पुढची अस्सल," अण्णाप्पा एकदम म्हणाले. "ही माझी नक्कल हाय."

नानासोंनी तोंड उघडलं. अण्णाप्पांनी त्यांच्या पायावर पाय दिला. हंबीरराव जागच्या जागी थांबला, त्यानं अण्णाप्पांकडे बघितलं आणि पलटणीत करायचा तसा खाडकन सलाम केला. मग नानासोंना दंडाला धरून आपल्या मोटारीच्या पायरीवर उभं केलं आणि गाडी सोडली. त्रिशला काचेला नाक लावून बघत राहिली. आपले अप्पा खोटं बोलले हे तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. अण्णाप्पांनी हातानंच तिला पुढं बघायला सांगितलं.

तात्याबानं त्यांना बाकड्यावर बसवलं. रेशमी फेटा, नवा कोट, समोर तापलेला रस्ता. तात्याबा मोटारीभोवती दोन फेऱ्या मारून आला. दारावर बोट फिरवलं, त्यात स्वतःची मिशी बघितली.

"मला आधीच वास आला हुता," तो म्हणाला. "खऱ्या गाडीला कुनी इतकं पुसत न्हाई. पर काम बाकी लय बेस केलंय गड्या. अगदी खऱ्यागत."

अण्णाप्पा रस्त्याकडे कान देऊन बसले. लांबून, शेतांवरून, सनईचा एखादा सूर आल्यासारखा वाटायचा आणि जायचा.

सव्वा अकराला धुरळा उडवत हंबीरराव परत आला. नवरी पोचवली, आता नवरीचा बाप न्यायला आलो, असं त्यानं तात्याबाला सांगितलं. नक्कल मोटार नाक्यावर राहील, माणूस अस्सल आहे, तो नसला तर मुलगी कोण देणार? तात्याबालाही पोरी होत्या. त्यानं बांबू वर केला.

अण्णाप्पा हंबीररावाच्या शेजारी बसले. शिकेकाईच्या आडून बोकडांचा वास येत होताच. गाडी चौखूर निघाली. भिलवडी दोन मैलांवर राहिली असेल, बाराला वीस मिनिटं होती, आणि रस्त्याकडेला डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी उभी होती. हंबीररावानं तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि गाडी तशीच रेटली.

"थांबवा," अण्णाप्पा म्हणाले.

"आवं, अक्षता..."

"थांबवा म्हनतो न्हवं. हात करतीया ती."

म्हातारी टोपलीसकट आत चढली. तिचे पाय गुडघ्यापर्यंत मातीचे होते. अण्णाप्पांनी मागं वळून रेशमी उपरण्यानं तिला बाकावर जागा पुसून दिली. म्हातारीनं बसल्यावर सगळीकडे हात फिरवून बघितलं.

"मोटार कुनाची म्हनायची, बाबा?"

"हंबीररावाची," अण्णाप्पा म्हणाले, आणि फेटा सारखा करून पुढं बघू लागले.